बटर आणि जाईबाईचं खळं

भाईंदरजवळच्या राई गावातल्या त्या बैठ्या चाळीत श्रीपतीच्या दारापुढच्या खळ्यावर चपला घालून पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती. पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर खुद्द चाळीचा मालक धर्माजी असो, श्रीपती आतूनच दम द्यायचा, "चपला तिकडं काढा." खळं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. कोकणात घरापुढचं अंगण चोपून सपाट करतात, शेणानं सारवतात, ते खळं. तिकडे मीरा रोडला शांती नगरात बिल्डिंगीवर बिल्डिंगी उठत होत्या, ट्रक भरभरून लाद्या येत होत्या, आणि इकडे हा म्हातारा एक्याण्णव साली अंगणाला शेण फासत बसलेला. चाळीतले अर्धे लोक म्हणायचे, श्रीपतीचं डोकं फिरलंय. उरलेल्या अर्ध्यांना कारण माहीत होतं, ते काही बोलत नसत.

कारण होतं जाईबाई. श्रीपतीची बायको.

श्रीपतीनं उभी हयात मुंबईच्या गोदीत काढली. राहायला गावकऱ्यांची खोली, झोपायला पथारीपुरती जागा. बायको चिपळूणकडच्या गावी. मे महिन्यात रजा मिळाली की हा एसटीतून फाट्यावर उतरायचा, वाडीकडची चढण चढायचा, आणि घर दिसायच्या आधी त्याला खळं दिसायचं. हिरवट, स्वच्छ, आणि त्यावर जाईच्या हाताचे अर्धगोल, एकात एक बसलेले. ते दिसलं की ह्याचा जीव निवायचा. रजा संपली की परत गोदी. संसार असा महिन्या-महिन्यानं झाला बिचाऱ्यांचा.

निवृत्त झाल्यावर श्रीपतीनं राईत धर्माजीच्या चाळीत टोकाच्या दोन खोल्या घेतल्या आणि जाईबाईला आणलं. मुलगा प्रितम, सून पंचशीला, नात संघप्रिया, सगळी एका घरात आली. जाईबाईनं सामान लावायच्या आधी दारापुढची उघडी जागा बघितली, पदर खोचला आणि खळं केलं. नवराबायको सलग एका छपराखाली नांदली ती राईतच, चार-दोन वर्षं. मग एका चैत्रात थोडा ताप आला, थोडी धाप लागली, आणि जाईबाई गेली. श्रीपती रडला नाही. चिडला. कुणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी पाऊस सरला तेव्हा खळ्यावर गुडघाभर गवत माजलेलं. दर वर्षी ह्या दिवसांत श्रीपती भातकापणीसाठी गावी जायचा. भावाबरोबर वाट्याचं भात घरात आणून महिन्याभरानं परत यायचा. त्या वर्षी गेला नाही. उकिडवा बसून एकेक गवत हातानं उपटलं, धर्माजीच्या गोठ्यातून शेण आणलं, आणि स्वतः सारवायला बसला. पुरुष माणूस सारवतोय म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पंचशीला म्हणाली, "मामा, मी करते, उठा तुम्ही." तर हा तिच्यावरच खेकसला, "हात लावायचा नाय. ही जाईच्या हातची माती आहे." बिचारी गुपचूप आत गेली. तिची शिलाई कारखान्यातली नोकरी, दोन वेळचा स्वयंपाक, पोरीची शाळा. सासऱ्याशी हुज्जत घालायला वेळ कुणाला होता?

तेव्हापासून दर शनिवारी आणि पौर्णिमेला श्रीपतीचं सारवण ठरलेलं. आणि ह्याच दिवसांत बटर आला.

धर्माजीच्या गोठ्यात कुत्री व्यालेली. तिला महामार्गावर गाडीनं उडवलं, पिल्लं इकडेतिकडे झाली, आणि त्यातलं एक तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, लुडबुडत श्रीपतीच्या खळ्यावर आलं. श्रीपती बशीतून चहा पीत होता. बाजूला ठेवलेलं बेकरीतलं बटर पिल्लानं उचललं, ते कडक म्हणून चहाच्या बशीत पाडलं, आणि मऊ झाल्यावर खाल्लं. नात टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, ह्याचं नाव बटर." श्रीपतीनं भुवया आक्रसून सांगितलं की कुत्रंबित्रं काही पाळायचं नाही. संध्याकाळी त्यानंच आपली जुनी बंडी पिल्लाखाली अंथरली.

खरं सांगायचं तर जाई गेल्यापासून त्याच्याशी दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. सगळी कामावर, पोर शाळेत. आता तो बटरशी बोलायचा. गोदीतल्या गोष्टी सांगायचा, सरकारला शिव्या द्यायचा, जाईची आठवण काढायची तर तीही ह्याच्याजवळ. बटर डोकं तिरकं करून ऐकायचा. शहाणा तर इतका, की मोरीच्या पाण्याजवळचा अंगणाचा कोपरा श्रीपतीनं एकदा दाखवला तर पुढं कायम शीला तिथंच बसायला जायचा. "माणसांच्या पोरांना एवढं कळत नाय," श्रीपती चाळभर सांगत सुटलेला.

पण पिल्लू अंग धरेना. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आधी शी पातळ झाली, मग काळी, डांबरासारखी. खेळता खेळता मध्येच बसायचं आणि धापा टाकायचं.

धर्माजी एकदा बघून म्हणाला, "श्रीपती, जंत हाईत त्याला. ह्यो जगनार न्हाय. सोर त्याला लांब कुठं तरी."

"तू तुझ्या म्हशी बघ," श्रीपती म्हणाला.

आता धर्माजी काही वाईट माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी तोच वावडिंगाची पुडी घेऊन आला, वर पळसाच्या बिया. श्रीपतीनं वावडिंगाचं पाणी पाजलं, बिया उगाळून चाटवल्या. कारल्याच्या रसाचा प्रयोग केला तर बटरनं त्याच्याच धोतरावर ओकून ठेवलं. जंत मात्र जागचे हलले नाहीत.

मग भाईंदरला गुरांच्या डॉक्टरीणबाई असल्याचं कळलं. डॉक्टर नीलिमा. वयानं लहान, केस आखूड, बोलणं थेट. श्रीपती पिशवीत पिल्लू घालून गेला. तिनं बटरचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या कागदासारख्या पांढऱ्या.

"हुकवर्म आहेत, काका. आकड्याचे जंत. आतड्याला लटकतात आणि रक्त पितात. पिल्लू एवढंसं, त्याच्यात रक्त ते किती? औषध देते, रक्त वाढायचं टॉनिक देते. पुढच्या वेळी शी घेऊन या, तपासायला."

श्रीपतीनं सांगितल्याबरहुकूम केलं. औषध दिलं, टॉनिक दिलं, भात कालवून हातानं भरवला. पिल्लू जरा उठलं, शेपूट हलवायला लागलं, ह्याचा आनंद गगनात मावेना. जाईच्या कुंकवाच्या जुन्या डबीत नमुना भरून तो बसनं भाईंदरला निघाला. शेजारच्या सीटवरच्या माणसाला डबीचं भारी कुतूहल. "चाचा, डिब्बे में क्या है, इतना संभाल के?" श्रीपती म्हणाला, "हलवा है. खाओगे?" तो माणूस हात पुढं करणार, एवढ्यात श्रीपतीलाच दया आली आणि त्यानं डबी खिशात घातली.

नमुन्यात अंडी निघाली. पहिल्याइतकीच.

डॉक्टरीणबाईनं औषध बदललं. पुन्हा तेच. पिल्लू आठवडाभर बरं, मग पुन्हा काळी शी, पुन्हा हिरड्या पांढऱ्या. तिनं तिसरं औषध काढलं, लागोपाठ द्यायचं. श्रीपतीनं एकही डोस चुकवला नाही. आणि ह्या खेपेला तर बटर उठेनाच झाला. खळ्याच्या कडेला मान टाकून पडून राहायचा. श्रीपतीनं हाक मारली की शेपटीचं टोक तेवढं हलायचं.

त्यातच नातीच्या तळपायावर एक लाल रेघ उठली. नागमोडी, कातडीच्या आत, आणि खाज म्हणजे पोरगी शाळेतही बूट काढून खाजवायची. पंचशीलानं ती प्रितमला दाखवली. प्रितम भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टेम्पो चालवायचा. शांत गडी, बापापुढं सहसा तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं.

"बाबा, कुत्र्याचं काहीतरी लागतंय पोरीला. रविवारपर्यंत बघा. नाही सुधारला तर मी त्याला लांब कुठंतरी सोडून येतो."

"सोडून येतो म्हणजे? मरायला?"

"पोरीपेक्षा कुत्रा मोठा नाही ना?"

श्रीपतीनं आपले हात कोपरापर्यंत धोतरात लपवले. कारण तसलीच लाल रेघ त्याच्या बोटांच्या बेचक्यांतही होती, चांगले काही आठवडे. खोबरेल तेल चोळून तो ती दडवत आलेला. म्हाताऱ्याच्या हाताला काय झालंय हे कळलं तर कुत्रा त्याच दिवशी घराबाहेर जाईल, एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बस गाठली. डॉक्टरीणबाईनं बटरला तपासलं. मग म्हणाली, "काका, औषध चुकत नाही. तुम्ही चुकत नाही. मग हे येतात कुठून? हा राहतो कुठं? घाणीत, चिखलात जातो का?"

श्रीपतीच्या नाकाला मिरची झोंबली. "घाणीत? बाई, माझं खळं तुमच्या ह्या टेबलापेक्षा स्वच्छ आहे. हा खळं सोडून कुठं जात नाय. येऊन बघा, चपला काढून."

"येते की," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी तिकडे म्हशी बघायला यायचंच आहे."

आता डॉक्टरीणबाई घरी येणार म्हटल्यावर श्रीपती कशाला मागं राहतोय? शनिवारी जेवण आटोपताच त्यानं शेण आणलं, मोरीजवळच्या कोपऱ्यातली मऊ, ओली माती फावड्यानं काढली, घमेल्यात दोन्ही कालवलं आणि नेहमीपेक्षा दुप्पट सारवायला बसला. बटर शेजारी ओल्या सारवणावर पोट टेकून पडलेला. तिकडून डॉक्टर नीलिमा आली, सांगितल्याप्रमाणे चपला काढायला वाकली, आणि तशीच थांबली. चपला तिनं पायातच ठेवल्या.

"काका, ही माती कुठली?"

"ही काय, दर शनिवारची, कोपऱ्यातली. भुसभुशीत आहे, छान कालवता येते."

"आणि बटर शीला कुठं बसतो?"

श्रीपतीनं अभिमानानं कोपरा दाखवायला हात उचलला. उचललेला हात तसाच राहिला. बोटांवरून शेणमाती ठिबकत होती.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. खाली वाकून तिनं त्याचा तो हात पाण्यानं धुतला, बोटांच्या बेचक्यातली लाल रेघ बघितली, आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. औषध पोटातले जंत मारतं. पण शीतून अंडी मातीत पडतात. माती ओली असली की त्यातून बारीक अळ्या निघतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्या पायाच्या, पोटाच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या कातडीत शिरल्या तर तिथंच फिरत बसतात, त्याचीच ही रेघ. "तुम्ही एका कोपऱ्यातले जंत दर आठवड्याला सगळ्या अंगणाला लावताय, काका. मी आतून काढते, तुम्ही बाहेरून भरता. ही सगळी माती काढा, चांगली वीतभर खोल, आणि लांब नेऊन गाडा. मोकळ्या जागेवर चुना टाकून वाळू द्या, मग नवी माती घाला. ह्याला ह्यापुढं राखेच्या खोक्यात बसवा, शी लगेच उचला. पोरीला आणि तुम्हाला माणसांच्या डॉक्टरकडे न्या, साधं औषध आहे. मी ह्याला आज इंजेक्शन देते. पण हा ह्याच मातीवर राहिला तर पुढच्या खेपेला माझ्याकडं आणू नका. उपयोग होणार नाही."

ती म्हशींकडे गेली. श्रीपतीनं बटरला उचलून घरात कोरड्या पोत्यावर ठेवलं. मग धर्माजीकडून कुदळ मागून आणली.

आणली खरी, पण चालवता येईना. तो उंबऱ्यावर बसून राहिला, कुदळ मांडीवर आडवी. समोर खळं. पाठीमागं घरात पिल्लाचा श्वास, हलका, मध्येच अडकणारा. कुदळ मारायची म्हणजे जाईची माती खणून फेकायची. जिथं ती बसली, जिथं तिचा हात फिरला, ती. घरात तिचं होतं काय दुसरं? दोन लुगडी आणि ती कुंकवाची डबी, तिचीही आता कशी वासलात लागली ते आपण बघितलंच. आणि नाही मारायची, तर रविवारी प्रितम पिल्लू उचलणार. त्याआधीच ते जाईल, असंही दिसत होतं. श्रीपती स्वतःवर इतका संतापला की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्याला जीव लावला त्यालाच आपण आपल्या हातानं, दर शनिवारी, निगुतीनं मारत होतो.

पंचशीला कामावरून आली तेव्हा सासरा असा बसलेला. तिनं पिशवी खाली ठेवली आणि शेजारी टेकली. श्रीपतीनं तिला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते, कोपऱ्याचं, हाताचं. शेवटी म्हणाला, "मला खणवत नाय गं. जाईच्या हातची माती आहे."

पंचशीला त्याच्याकडे वळली.

"मामा, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"खळं पावसात जातं. दर वर्षी जातं. आत्या दर दिवाळीला जुनं खळं खणून काढायच्या, नवी माती आणून, चोपून परत करायच्या. मागल्या खेपेला त्यांना धाप लागत होती, तर माझ्याकडून खणून घेतलं. मी म्हटलं, आत्या, वरून सारवू या की. तर मला काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, शिळ्या मातीवर सारवणं म्हणजे मळक्या अंगावर नवं लुगडं."

श्रीपतीनं कुदळ मांडीवरून खाली ठेवली. "मी कधी बघितलं नाय."

"तुम्ही असायचा कुठं? कापणीला गावी. परत यायचा तेव्हा खळं तयार. गावाला पण तेच असणार ना. तुम्ही मे महिन्यात जायचा."

खरंच की. उभ्या जन्मात त्यानं खळं बघितलं ते तयार झालेलं. खणताना, चोपताना, घामाघूम झालेली जाई त्यानं एकदाही बघितली नव्हती, आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नव्हतं. नवरा यायचा त्या दिवशी अंगण लख्ख असलं म्हणजे झालं, एवढंच तिचं म्हणणं.

"मग तिची माती गेली कुठं?" त्यानं विचारलं.

पंचशीलानं हनुवटीनं घराच्या बाजूला दाखवलं. "शेवग्याच्या बुडाशी. दर वर्षीची. मागल्या वर्षीची मीच टाकली, त्या उभं राहून टाकून घेत होत्या."

आता त्या शेवग्याचं आणि श्रीपतीचं हाडवैर. सुरवंट पडतात, पानं वाळवणात येतात, आणि सून एक दिवसाआड आमटीत शेंगा घालते, म्हणून हा कधीपासून तो तोडायच्या गोष्टी करत होता. धर्माजीला दोनदा कुऱ्हाड मागून झालेली. श्रीपतीनं मान वळवून झाडाकडे बघितलं. शेंगांनी लगडलेलं. तो उठला, धोतराचा काचा मारला, आणि कुदळ घातली.

पंचशीलानं फावडं घेतलं. दोघांनी मिळून खळं खणलं. अंधार पडायच्या आत अर्धं झालं, उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी. चाळीमागं धर्माजीच्या जमिनीवर नवीन बिल्डिंगीचा पाया खोदलेला. धर्माजीनं बिल्डरच्या मुकादमाला सांगून ती सगळी माती पायाच्या खड्ड्यात तळाला टाकायला लावली. "टाक बाबा, टाक," धर्माजी म्हणाला, "वर शिमिट पडला का तुझे जंत जनमभर आत." मोकळ्या जागेवर डॉक्टरीणबाईनं सांगितलेला चुना टाकून ती उन्हात वाळू दिली.

अडचण उरली नव्या मातीची. राईची माती खाडीची, खारट. चोपली तरी उन्हात भेगाळते. श्रीपती त्या चिंतेत असताना रविवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. तोच रविवार, पिल्लू न्यायचा. श्रीपती बटरला छातीशी धरून उठला. प्रितमनं मागचं फळकूट पाडलं. आत लाल माती, काठोकाठ. घोडबंदरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी कुणाचं तरी खोदकाम चाललेलं, तिथून विचारून भरून आणलेली.

"पंचशीलानं सांगितलं मला," प्रितम म्हणाला. बापाकडे न बघता त्यानं फावडं उचललं. "कोकणातल्यासारखीच आहे. बघा तरी, चालेल का."

श्रीपतीनं मूठभर माती घेऊन दाबली. तिचा घट्ट लाडू झाला. त्याला पोराच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण ती सवय नव्हती. "चालेल," एवढंच म्हणाला, आणि आवाज फाटला म्हणून खोकल्याचं सोंग केलं.

चाळीतले कोकणी लोक खळ्याची माती बघून राहतील थोडेच? कुणीतरी फळी तासून चोपणं केलं, कुणी धोपटणं आपटलं, धर्माजीही आपला उतरला मैदानात. संध्याकाळपर्यंत धपाधप आवाज चालला होता. शांती नगरातून पाहुणी आलेली एक बाई विचारत होती, इथं काय कुणाचं लग्न आहे का.

दोन दिवसांनी माती आवळली आणि सारवायची वेळ आली. श्रीपतीनं घमेलं पुढं ओढलं, आणि मग सुनेकडे सरकवलं.

"तू कर."

"मी? तुम्ही हात लावू देत नव्हता."

"आता देतोय. कर."

पंचशीलानं शेण-माती कालवली, नवी माती, गोठ्यातलं ताजं शेण. हातांना डॉक्टरीणबाईनं सांगितलं म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, त्यावरून संघप्रिया खदखदा हसत होती. खिडकीत पोत्यावर बटर, मान वर करून बसलेला. पंचशीला उंबऱ्यापासून मागं मागं सरकत सारवू लागली. पंजा ओला, मनगट सैल, उजवीकडून डावीकडे एक अर्धगोल, त्यात अर्धा शिरलेला दुसरा. श्रीपती भिंतीला टेकून बघत होता. चढण चढून आल्यावर, हातात ट्रंक, घशाला कोरड, जे दिसायचं ते समोर उमटत होतं. तसंच. एकात एक.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? आत्यांनी. मला येत कुठं होतं, मी वरळीच्या चाळीतली. चार चार वेळा पुसून परत करायला लावायच्या. म्हणायच्या, मनगट सोड, नवऱ्यावरचा राग मातीवर काढू नकोस." ती हसली. "म्हातारा आल्यावर त्याला बरं दिसलं पाहिजे, असंही म्हणायच्या."

श्रीपती भिंतीला टेकून खाली बसला. इतके महिने तो जाईला मातीत धरून बसलेला, आणि ती इथं त्याच्या सुनेच्या मनगटात होती, दोन वेळचं त्याला वाढत होती. ज्या हाताला त्यानं हात लावायचा नाय म्हणून दटावलं, तो हात. त्याचे डोळे भरून आले आणि ह्या खेपेला त्यानं खोकल्याचं सोंग केलं नाही.

"पंचशीला," तो म्हणाला, "लई उपकार झाले पोरी. तू शिकून ठेवलंस."

"उपकार कसले मामा," ती म्हणाली, आणि खालमानेनं सारवत राहिली. पण पुढचे चार-पाच अर्धगोल वाकडे गेले.

बटरला खळं वाळेपर्यंत खाली सोडलं नाही. राखेच्या खोक्यात बसायला तो एका दिवसात शिकला, शहाणा होताच. औषध तेच, टॉनिक तेच, फक्त आता बाहेरून भरणं बंद झालेलं. आधी तो भातासाठी ओरडायला लागला. मग हिरड्यांवर गुलाबी झाक आली, ती बघायला श्रीपतीनं सगळ्या चाळीला बटरचा ओठ वर करून दाखवला. नातीच्या पायाची रेघ गेली, त्याच्या हाताची गेली. बटरला पिशवीत घालून, नमुना घेऊन तो दोनदा भाईंदरला जाऊन आला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर नीलिमानं भिंगातून डोळा काढला आणि म्हणाली, "काही नाही, काका. एकही अंडं नाही." श्रीपतीनं तिच्या टेबलावर शेवग्याच्या शेंगांची जुडी ठेवली. "आमच्या झाडाच्या आहेत," तो म्हणाला, "माझ्या बायकोनं वाढवलेल्या." तिथून निघाला तो बसस्टॉपवर उभा राहून पिशवीतल्या बटरला किती तरी वेळ सांगत होता, डॉक्टरीणबाईचे पाय धरले पाहिजेत, धर्माजीचे पण, आणि प्रितमचे मात्र नाहीत, तो डोक्यावर बसेल.

घरी शेवग्याची आमटी होती. त्यानं दोन वाट्या मागून घेतल्या.

पुढच्या वर्षी पाऊस सरला. बटर आता चांगला दांडगा झालेला; पोस्टमनला चपला काढायची आठवण तोच करून द्यायचा. गावाहून भावाचा निरोप आला, भात पिवळं झालंय, कापणीला या. प्रितम म्हणाला, "बाबा, जाताय ना यंदा? तिकीट काढू?"

"तू जा रजा टाकून," श्रीपती म्हणाला. तो धोतराचा काचा मारत होता, आणि मागं पंचशीला जुनी माती शेवग्याच्या बुडाशी न्यायला घमेलं घेऊन उभी होती. "मला खळं करायचंय."